कपाशीची चांदणी, केळ्याचा केक: खानदेशातल्या लहान मुलांचा नाताळ

डिसेंबर लागला की जळगावच्या फुले मार्केटपासून शहाद्याच्या बाजारापर्यंत प्लॅस्टिकची झाडं, लाल टोप्या आणि चकचकीत झिरमिळ्यांची पाकिटं टांगलेली दिसतात. मूल हट्ट धरतं, आपण एक पाकीट घेतो, पाच मिनिटांत ते दाराला लावून होतं आणि मुलाच्या हाताला पुन्हा काम उरत नाही. याच दिवसांत आपल्याकडे कपाशीची वेचणी आटोपत आलेली असते, उपटलेल्या काड्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात. घरात केळी, शेंगदाणे, तीळ, गूळ असतो. गोठ्यात कडबा असतो आणि काळी माती तर पायाखालीच आहे. तीन ते सात वर्षांच्या मुलांचा नाताळ या सामानातून फार सुंदर होतो, आणि मुख्य म्हणजे तो मुलांनी स्वतः केलेला असतो. शहरात राहणाऱ्यांनी गावाकडच्या नातेवाइकांना एक फोन करावा. काड्यांची मोळी आणि पिशवीभर कापूस कोणीही आनंदाने पाठवील.

सुरुवातीची तयारी

आपली डिसेंबरची सकाळ बोचरी असते आणि दुपार ऊबदार. माती, खळ आणि रंगाची कामं अकरा ते तीनच्या दरम्यान उन्हात करा. गारठलेल्या बोटांनी मुलाला गाठ मारता येत नाही, मग ते चिडतं आणि आपल्याला वाटतं की त्याला आवड नाही. तीन-चार वर्षांचं मूल एका कामावर पंधरा-वीस मिनिटं टिकलं तरी पुष्कळ झालं. काम अर्धं राहिलं तर झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी पुढे करा.

चिकटवायला घरची खळ करा. दोन मोठे चमचे मैदा थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, त्यात वाटीभर पाणी घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. पिठाचा पांढरेपणा जाऊन खळीला चकाकी आली की उतरवा. कीड लागू नये म्हणून जुने लोक खळीत मोरचूद घालत. मुलांच्या खळीत ते अजिबात घालू नका, ते विषारी असतं आणि मुलांची बोटं तोंडात जातातच. थंडीत ही खळ झाकून दोन दिवस टिकते. आंबूस वास आला की टाकून द्या.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. कापणं, गाठ आवळणं आणि विस्तव ही मोठ्यांची कामं. मोजणं, निवडणं, कुस्करणं, चिकटवणं, रंगवणं ही मुलांची. मुलाने चिकटवलेला वाकडा कागद त्याच्यामागे गुपचूप सरळ करू नका. त्याच्या ते लगेच लक्षात येतं.

कपाशीच्या काड्यांची चांदणी

गुलाबी बोंडअळीचा फेर तुटावा म्हणून फरदड (वेचणीनंतर तेच पीक पुढे राखणं) घेऊ नका, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. त्यामुळे नेमक्या नाताळच्या आठवड्यात काड्या मुबलक मिळतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, सरळ आणि पूर्ण वाळलेल्या काड्या निवडा. या पिकावर फवारण्या झालेल्या असतात, तेव्हा काड्या आधी पाण्याने धुवा, दिवसभर उन्हात टाका आणि खरखरीत कापडाने पुसून घ्या. काम झाल्यावर मुलांचे हात साबणाने धुवायचे, हा नियम शेतातून आलेल्या प्रत्येक वस्तूला लावा.

१. सारख्या लांबीच्या पाच काड्या घ्या, प्रत्येकी ३० सेंटिमीटर. पहिली काडी तुम्ही मोजून कापा. बाकीच्या चार तिच्याशेजारी धरून कुठे कापायच्या, त्या खुणा मुलाला करू द्या.

२. खडूला दोरा बांधून अंगणात १५ सेंटिमीटर त्रिज्येचा गोल काढा. गोलावर सारख्या अंतराने पाच ठिपके द्या. शेजारच्या दोन ठिपक्यांत साधारण साडेसतरा सेंटिमीटर अंतर येतं.

३. आता एक ठिपका सोडून पुढचा, असे ठिपके रेघांनी जोडा. हात न उचलता चांदणी तयार होते. आई-आजीला रांगोळी काढताना पाहिलेल्या मुलांना हे पटकन जमतं.

४. प्रत्येक रेघेवर एक काडी ठेवा. टोकं ठिपक्यांच्या जरा बाहेर येतील, बांधायला तेवढी लागतात.

५. मुलाने टोकं दाबून धरायची, तुम्ही सुतळीने आवळायची. पाचही टोकं झाली की आत जिथे काड्या एकमेकींवरून जातात त्या पाच जागाही बांधा. या आतल्या गाठी टाळल्या तर चांदणी उचलताच तिरपी होते.

६. संक्रांतीमुळे पतंगाचा कागद याच सुमारास बाजारात आलेला असतो. चांदणी त्या कागदावर ठेवून बाहेरच्या कडेने बोटभर जास्त कापा, काड्यांना खळ लावा आणि कडा आत दुमडून दाबा. खळ लावायला ब्रश नको, बोट पुरतं.

कंदील करायचा असेल तर अशाच दोन चांदण्या करा आणि आतल्या पाच सांध्यांवर चार-चार बोटांच्या काड्या उभ्या बांधून दोन्हींत अंतर ठेवा. दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या कामट्या माळ्यावर असतील तर त्याही चालतील. आत एलईडीची छोटी माळच सोडा. वाळक्या काड्या आणि पतंगाचा कागद, दोन्ही क्षणात पेट घेतात, म्हणून पणती किंवा मेणबत्ती नको.

गव्हाणी

नाताळच्या सगळ्या कामांत मला गव्हाणीचं काम सर्वांत जवळचं वाटतं, कारण त्यात गोष्ट आहे. आधी गोष्ट सांगा, मग माती हातात द्या. येशूचे आईबाप मरिया आणि योसेफ बेथलेहेमला पोचले तेव्हा उतारशाळेत जागा नव्हती. बाळ जन्मलं, त्याला कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. रात्री रानात मेंढरं राखत बसलेल्या मेंढपाळांना देवदूताने ती बातमी सांगितली. हा भाग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात आहे. चांदणी पाहून पूर्वेकडून आलेले मागी लोक (म्हणजे ज्ञानी पुरुष) आणि त्यांनी आणलेलं सोनं, ऊद आणि गंधरस हा भाग मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. मागी किती जण होते ते मत्तय सांगत नाही, भेटी तेवढ्या तीन आहेत. म्हणून घरात चार मुलं असतील तर चार मागी करायला काही हरकत नाही. असा देखावा मांडण्याची परंपरा इटलीतल्या ग्रेच्यो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली केलेल्या देखाव्यापासून पसरली असं मानतात.

आपल्या मुलांना यातलं बहुतेक सगळं ओळखीचं आहे. गव्हाणीत कडबा खाणारे बैल त्यांनी पाहिलेत. धुळे-साक्रीकडचे ठेलारी मेंढ्यांचे कळप घेऊन शेताशेतांत उतरतात, रात्री मेंढ्या शेतात बसवतात, तेही त्यांनी पाहिलं असतं. कळप रस्त्याने जाताना दिसला तर गाडी थांबवा आणि मुलांना नीट पाहू द्या: मेंढीचे कान कसे लोंबतात, कोकरू कुठे चालतं, मेंढपाळाच्या खांद्यावर काय असतं. घरी आल्यावर मातीत ते सगळं उतरतं.

नुसत्या काळ्या मातीची चित्रं करू नका. ती वाळताना आकसते आणि भेगाळते, उन्हाळ्यात शेत फाटतं त्याच कारणाने. पोळ्याचे बैल करणाऱ्या कोणाला विचारलं तर त्यांचं प्रमाण ते सांगतील. माझं असं आहे: चाळलेली माती तीन वाट्या, बारीक वाळू एक वाटी, बारीक भुसा मूठभर. पाणी हळूहळू घालत कणकेसारखी घट्ट मळा आणि ओल्या फडक्यात रात्रभर ठेवा. शहरात शाडूची माती मिळते, ती घेतली तरी चालेल.

मेंढी करायला लिंबाएवढा गोळा घेऊन लांबट करा. डोक्याला सुपारीएवढा गोळा, तो चिकटवताना दोन्ही जागी काडीने ओरखडे काढून पाण्याचं बोट फिरवा, नाहीतर वाळल्यावर डोकं गळून पडतं. पायांना काडीचे चार तुकडे ओल्या मातीतच खुपसा. सावलीत दोन दिवस, मग उन्हात एक दिवस वाळवा. एकदम उन्हात ठेवलं तर वाळू घालूनही भेगा पडतात.

मग कापूस. सरकीसकट कापूस आणला तर सरकी काढायचं काम मुलांना द्या. एका बोंडात चार-पाच पाकळ्या, त्यातून एकेक सरकी बोटांनी सोडवायची. बोटांना याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही, आणि घरातली आजीसुद्धा सांगावं न लागता शेजारी येऊन बसते. तीन वर्षांच्या आतलं मूल जवळ असेल तर सरकी लगेच उचलून ठेवा, ती नाकात किंवा घशात जाऊ शकते. मेंढीला खळ लावून कापसाचे छोटे पुंजके चिकटवत जा. तोंड आणि पाय मातीचेच राहू द्या. मेंढ्या तयार झाल्या की अंगणात मालकीचा प्रश्न निघतो, “हाई मेंढी कोनी शे?” म्हणून प्रत्येक मेंढीच्या पोटाखाली मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर आधीच कोरून घ्या.

गोठ्याला बुटांचं खोकं आडवं ठेवा. छपराला केळीची वाळलेली पानं लांब पट्ट्या फाडून खालून वर अशी एकावर एक चिकटवा. गव्हाणीला आगपेटीचा आतला खण, त्यात कडब्याची बारीक कुटी. बाळाला कापडाची चिंधी. मागी लोकांसाठी उंट करायचे असतात, पण दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे बघून आलेलं मूल घोडेच करणार. करू द्या.

झाड आणि त्यावरचे दागिने

झाडासाठी कपाशीचं एक अख्खं वाळलेलं झाड मुळासकट आणा. वाळूने भरलेल्या कुंडीत रोवलं की झालं. फांद्यांवर बोंडांची उघडलेली रिकामी कवचं असतात. ती दिसतात फुलासारखी, पण टोकं टोचतात. मुलांच्या हाती देण्याआधी ती टोकं विटेच्या तुकड्याने घासून बोथट करा. बोरीची फांदी मात्र कितीही डौलदार दिसली तरी नको, तिच्या काट्यांनी पोरांचे हात फाटतील. काही कवचांत कापसाचे पुंजके परत बसवा, काही पांढऱ्या-लाल रंगात रंगवा.

दागिने मीठ-मैद्याचे. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, आणि पाणी लागेल तसं, पाऊण ते एक वाटी. दहा मिनिटं मळून अर्ध्या सेंटिमीटर जाडीची पोळी लाटा. चांदणीसाठी पुठ्ठ्याचा नमुना ठेवून तुम्ही कापा, गोल आकार मुलं वाटीने किंवा बाटलीच्या झाकणाने पाडतील. वर शेवयाच्या साच्याचा, जाळीच्या कापडाचा, पिंपळाच्या पानाच्या शिरांचा ठसा उमटवा. दोरा ओवायचं भोक ओलं असतानाच पाडा, आणि जरा मोठं पाडा, वाळताना ते बारीक होतं. आपल्या कोरड्या हवेत दोन ते चार दिवसांच्या उन्हात हे दागिने कडक होतात. दर अर्ध्या दिवसाने उलटत राहा, नाहीतर कडा वर वळतात. यातलं मीठ फार असतं, मुलांनी ते खाऊ नये आणि कुत्र्यालाही देऊ नये.

कुकरमधला केळ्याचा केक

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर, यावल, चोपड्याची केळी दारात असताना केकसाठी दुसरं फळ शोधायचं कारणच नाही. थंडीत केळी हळू पिकतात, म्हणून केकच्या तीन-चार दिवस आधी आणा. फ्रिजमध्ये ठेवू नका. साधारण १३ अंशांच्या खाली सालीला थंडी बाधते, ती काळपट पडते आणि आतला गर धड पिकत नाही. पातेल्यात घालून, गोधडीत गुंडाळून घरातच ठेवा. सालीवर काळे ठिपके आले की केळं केकला तयार.

एकच वाटी मापाला ठेवा, साधारण २०० मिलिलिटरची. पिकलेली मोठी केळी ३, बारीक चिरलेला किंवा किसलेला गूळ पाऊण वाटी, तेल अर्धी वाटी, दही अर्धी वाटी, कणीक दीड वाटी, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची आणि थोडं जायफळ. अंडं लागत नाही.

केळी सोलणं आणि कुस्करणं हे पूर्णपणे मुलाचं काम. हात धुवा, पातेलं जमिनीवर ठेवा आणि बाजूला व्हा. गर झाला की त्यात गूळ, तेल, दही घालून गूळ विरघळेपर्यंत ढवळायचं. तोवर तुम्ही एका जुन्या जाड कुकरच्या तळाला वाटीभर मीठ पसरा, वर स्टँड ठेवा. झाकणाची शिट्टी आणि रबरी रिंग काढून टाका. पाणी घालायचं नाही. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं कुकर तापू द्या. या वेळी मुलं ओट्यापासून लांब हवीत.

कणीक, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ दोनदा चाळून ओल्या मिश्रणात घाला आणि फक्त एकजीव होईल इतकंच हलवा. जास्त घोटलं तर केक चिवट होतो. तेलाचा हात लावून वर कणीक भुरभुरलेल्या भांड्यात ओता. भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. सोडा पडल्यावर मिश्रण थांबवून ठेवायचं नाही, लगेच कुकरमध्ये जाऊ द्या. मंद आचेवर ४० ते ५० मिनिटं लागतात. पहिली ३५ मिनिटं झाकण उघडू नका, मधला भाग बसतो. सुरीचं टोक खुपसून कोरडं निघालं की गॅस बंद करा. पूर्ण गार झाल्यावरच कापा. मुलांना एवढा वेळ धीर धरवत नाही, म्हणून केक सकाळी लावावा आणि दुपारी कापावा.

विस्तवाशिवाय करायचं असेल तर तीळ-शेंगदाण्याचे लाडू आहेत. भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट एक वाटी, भाजलेल्या तिळांचा कूट अर्धी वाटी, किसलेला गूळ अर्धी वाटी आणि चमचाभर तूप एकत्र मिक्सरमधून फिरवा. तेल सुटलं की मुलांना वळायला द्या. चार वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या आणि शंकरपाळेही होतात. करंजीची कड काट्याने दाबणं हे पाच वर्षांच्या मुलाला छान जमतं.

सुट्टीचा दिवस शेतात

२५ तारखेला सुट्टी असते आणि भरिताच्या वांग्यांचा हंगाम ऐन भरात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या भरिताचा बेत असेल तर मुलांनाही त्यात वाटा द्या. वांगी पुसणं, तेलाचा हात फिरवणं, काट्याने टोचणं (न टोचलेलं वांगं आत वाफ कोंडून फुटू शकतं), कांद्याची पात निवडणं. जाळाभोवती चार पावलांवर खडूची किंवा राखेची रेघ ओढा, तिच्या आत मुलांनी यायचं नाही. भाजलेली वांगी कोमट झाली की सालं मुलांनी काढावीत. बडगीत (भरिताच्या लाकडी भांड्यात) ठेचायचे पहिले चार घावही त्यांनाच घालू द्या.

अंधार पडला आणि लगेच घरी परतायचं नसेल तर आकाश दाखवा. साडेआठच्या सुमारास पूर्वेला मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं. त्याच्या पोटातले एका ओळीतले तीन तारे म्हणजे बाण. बाणाची रेघ खाली वाढवली की व्याध सापडतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. वर वाढवली की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिकांत किती तारे दिसतात ते प्रत्येकाने मोजायचं. मागी लोक चांदणीच्या मागे कसे चालले असतील, हे विचारायची वेळ हीच. कानटोपी, स्वेटर आणि बसायला गोधडी विसरू नका.

जमलं तर चर्चमध्येही घेऊन जा. नवापूर तालुक्यात, चिंचपाड्याकडे ख्रिस्ती वस्ती मोठी आहे, भुसावळलाही जुनी चर्च आहेत. ओळखीच्या कुटुंबाला आधी विचारा, मुलांना कधी आणलेलं सोयीचं ते तेच सांगतील. २४ च्या रात्रीची उपासना लहान मुलांना उशिराची होते, २५ ला उपासना आटोपल्यावर गव्हाणी बघायला जाणं बरं. दाराशी चपला काढलेल्या दिसल्या तर आपल्याही तिथेच काढा. रिकाम्या हाताने जाऊ नका, मुलांनी केलेली एखादी मेंढी न्या.

आवराआवर

६ जानेवारीला, मागी आल्याचा सण मानतात त्या दिवशी, देखावा उतरवा. मीठ-मैद्याचे दागिने पावसाळ्यात ओलावा धरून मऊ पडतात, ते कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नको असतील तर गुरांपुढे किंवा झाडाच्या बुडाशी टाकू नका, मिठाने दोघांनाही त्रास होतो, कचऱ्यात जाऊ द्या. मोडलेली मातीची चित्रं पाण्यात भिजत घाला, काड्या आणि कापूस वेचून काढा, माती पुढच्या वर्षी पोळ्याला कामी येते. रंग न लागलेल्या काड्या चुलीत जातील. कपाशीचं झाड मात्र शेतात किंवा बांधावर परत टाकू नका, त्यातल्या बोंडांत अळी दडलेली असू शकते.